बग्गी की डबी

उम्म अल कुवैनच्या त्या रिसॉर्टमध्ये एकवीस गोल्फ कार्ट होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. कंपनीच्या कागदांवर त्यांना नुसते नंबर. पण चार्जिंग शेडमध्ये खिळ्यांवर टांगलेल्या प्रत्येक चावीला पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या बॉलपेननं मराठीत लिहिलेलं होतं: रुसकी, पाटलीण, खोकलेकरीण, लाजरी, म्हातारी. ड्रायव्हर सगळे नेपाळी आणि मल्याळी. त्यांना ती अक्षरं वाचता येत नसत, तरी सकाळी शेडमधून "आज रुसकी मुझे मत दो भाई, कल पुल पे बैठ गई" असं ऐकू यायचं. नावं ठेवणारे गावडेमामा. कार्टला तिथं सगळे बग्गी म्हणत. त्या एकवीस बग्ग्यांचे मेकॅनिक, डॉक्टर आणि गाऱ्हाणं ऐकून घेणारे मामाच.

मी तिथं स्टोअरमध्ये लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वडील परतूरला स्टँडजवळ इस्त्रीचं दुकान चालवतात. आमच्या घराण्यात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी गावातल्या ओळखीच्या प्रत्येकाचे कपडे एक दिवस फुकट इस्त्री करून दिले होते. अशा घरातून आलेल्या मुलाला परदेशातली पहिली नोकरी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि मी तिसऱ्याच आठवड्यात ती जवळजवळ घालवली.

झालं असं, की मामांनी बॅटऱ्यांची यादी दिली होती. आठ व्होल्टच्या हव्या होत्या, मी सहा व्होल्टच्या मागवल्या. चोवीस बॅटऱ्या ट्रकमधून उतरल्या आणि मामांनी एकीवर नुसती नजर टाकून विचारलं, "बीकॉम, ह्या कुणी मागवल्या?" माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. पहिल्या दिवशी शिक्षण विचारलं आणि तेच नाव झालं. इजिप्शियन मॅनेजर कागद घेऊन आलाच होता. "हू ऑर्डर दिस?" मामा शांतपणे म्हणाले, "आय ऑर्डर, सर. स्पेशल काम है." मग त्यांनी चार दिवस खपून तीन बग्ग्यांच्या सीटखालचं बॅटऱ्यांचं पत्र्याचं ताट वाढवून बसवलं. सहा आठे अठ्ठेचाळीस आणि आठ सके अठ्ठेचाळीस. जिथं सहा बॅटऱ्या मावायच्या तिथं आठ बसवल्या. त्या तीन बग्ग्या पुढं सगळ्यांत लांब पल्ला चालायच्या. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "आभार कसले? तुझ्या चुकीमुळं माझं नाव झालं. फक्त रोज अशा चुका करू नकोस, माझं इतकं नाव मला झेपायचं नाही."

मामा कुडाळजवळच्या एका गावचे. बारीक अंगाचे, डोक्यावर नेहमी कंपनीची निळी टोपी. काम ऐकून करायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे. मग एक शब्द: "बेअरिंग." किंवा "ब्रश." किंवा "हिला काही झालेलं नाही, ड्रायव्हर बदला." काम संपलं असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. गाडी तयार होऊन दारात उभी असायची आणि मामा म्हणायचे, "थांब, एकदा बघू." पुन्हा खाली शिरायचे. मॅनेजर घड्याळ दाखवायचा. "यल्ला, गावडे, यल्ला!" त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं: "घाई करणाऱ्याचं काम दोनदा होतं, सर." हे ते मराठीतच म्हणत. मॅनेजरलाही ते वाक्य पाठ झालं होतं, अर्थ माहीत नसताना.

सव्वीस वर्षं त्यांनी अशी काढली. एका खोलीत सहा जण, दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मामा खारफुटीच्या पलीकडं, आधी डांबरी आणि मग वाळूच्या वाटेनं दीड किलोमीटर चालत जायचे. तिथं बंद पडलेल्या पंपघराचा एक कट्टा होता. खोलीत पाच माणसांच्या देखत बायकोशी काय बोलणार? म्हणून तो कट्टा. पूर्वी फोनला तिथंच रेंज यायची असंही ते सांगत, पण नंतर सगळीकडं रेंज आली तरी मामा तिथंच जात राहिले.

त्या फोनचा एक नियम होता. आखातात माणूस असलेल्या प्रत्येक घरात तो असतो आणि कुणी कुणाला शिकवत नाही. फोनवर वाईट सांगायचं नाही. लांबच्या माणसाला काही करता येत नाही, मग उगाच जिवाला घोर कशाला? मामांना एकदा कावीळ झाली आणि अकरा दिवस दवाखान्यात होते, तेव्हा घरी सांगितलं की फोन बिघडलाय. तिकडं मामी अंगणात घसरून मनगट मोडून बसल्या होत्या, त्यांनी सांगितलं की यंदा आंबा चांगला आहे. पुढच्या सुट्टीत वाकडं मनगट बघून मामांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ता जुना जाला आता." मामा हा किस्सा हसत सांगायचे. आम्हीही हसायचो. आमच्याही घरी तेच चालायचं.

मुलीचं लग्न झालं, मुलगा गोव्यात औषधांच्या कारखान्यात लागला आणि मामांना शेवटी स्टाफ क्वार्टरमध्ये स्वतंत्र खोली मिळाली. तेव्हा सुनंदामामी आल्या. जून महिना होता. मी मामांबरोबर विमानतळावर गेलो होतो. बाहेर येताच मामी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू तो बीकॉम ना? कांदो खाणारो?" त्यांना सगळं माहीत होतं. खोलीत पाय ठेवायच्या आधी शेडपाशी गाडी थांबवायला लावली आणि एकेका बग्गीकडं बोट दाखवून विचारू लागल्या, "ही पाटलीण? मग खोकलेकरीण खयची?" सव्वीस वर्षं कानांनी बघितलेलं गाव त्या डोळ्यांनी पडताळून बघत होत्या.

"आणि तो कट्टो?" त्यांनी विचारलं.

"तो लांब आसा गो. उन्हाचा चालवचा नाय तुका. थंडी पडांदे, नेतंय."

त्या जरा लंगडत होत्या. विमानात पाय अवघडला, असं म्हणाल्या.

थंडी पडेपर्यंत त्यांना भिंत धरून चालावं लागत होतं. अजमानच्या दवाखान्यात फोटो काढले, मी बरोबर गेलो होतो. मणक्यात गाठ होती आणि ती नवी नव्हती. डॉक्टर हैदराबादचे होते, हिंदीत बोलले. दोन वर्षं तरी दुखत असणार, म्हणाले. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. आधी पाय जातील, मग बसणं जाईल. त्यापुढचं त्यांनी मामांना बाहेर नेऊन सांगितलं. मामा परत आले ते माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ टोपीचा पट्टा सारखा करत राहिले.

मामींना त्यांनी एवढंच विचारलं, "दोन वर्षां दुखत होता. बोललंस कित्याक नाय?"

"तुमी हय होतास," मामी म्हणाल्या. "हय रवान काय करतलास?"

"आणि हय इल्यावर?"

मला वाटतं, सवय अशी एका विमानप्रवासात सुटत नाही. दोघं आता एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर झोपत होते, आणि तरीही मामी त्यांना फोनवरच्यासारखंच सांगत होत्या. मामाही फोनवरच्यासारखाच विश्वास ठेवत होते.

रिसॉर्टचे मालक म्हातारे अरबाब अधूनमधून शेडमध्ये येऊन मामांकडचा चहा पीत. त्यांच्या कानावर हे गेलं. एका सकाळी आले आणि मामांना आखाती हिंदीत म्हणाले, "वसंत, तुम्हारा मदाम घर में बैठा है, अच्छा नहीं. ये म्हातारी ले लो." बग्गीचं हे नाव त्यांनाही पाठ होतं. "नहीं तो पीछे वाला छोटा गाडी ले लो. कोई एक. खलास."

छोटी गाडी म्हणजे शेडच्या मागं ताडपत्रीखाली असलेली दोन सीटांची इवलीशी मोटार. अरबाबांच्या धाकट्या मुलानं हौसेनं युरोपातून मागवली होती. सहा महिन्यांत त्याची हौस फिटली. लांबी इतकी कमी, की उभ्या जागेत ती आडवी लावता यायची. ड्रायव्हर तिला माचिस म्हणत. मामांनी अर्थात नाव ठेवलं होतं: डबी.

मग सुरू झालं. बग्गी की डबी? मामा दिवसभर तोच विचार करायचे. जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "बग्गीला पायरी नाही, चढायला सोपी. पण गेटच्या बाहेर नेता येत नाही, रस्त्यावर परवानगी नाही." दुसऱ्या घासाला: "डबीत एसी आहे. अजमानला दवाखान्यात नेता येईल. दुबईला देवळात नेईन. पण सीट खोल आहे रे, ती आत शिरायची कशी?" एक नेपाळी ड्रायव्हर म्हणाला, "मामाजी, दोनों को जोड़ दो." मामांनी त्यावरही दोन मिनिटं गंभीरपणे विचार केला.

शेवटी मला म्हणाले, "बीकॉम, तुला हिशेब मांडता येतो. कागदावर मांड."

मला फार अभिमान वाटला. ज्या माणसानं माझी नोकरी वाचवली त्याच्या कामी माझं शिक्षण येत होतं. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रीतसर तक्ता केला. चढणं-उतरणं, एसी, रस्ता, दवाखाना, व्हीलचेअरला जागा, धूळ, उन्हाळा. प्रत्येकाला दहापैकी गुण. चढण्या-उतरण्यात बग्गी पुढं होती. पण उन्हाळ्याच्या रकान्यात बग्गीला शून्य आणि डबीला दहा पडले. मेपासून उघड्यावर कुणाला बसवणार? बेरीज डबीच्या बाजूनं गेली. मामांनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "डबी. सीट मी करतो."

तेव्हा नोव्हेंबर होता. हवा इतकी छान होती, की पाहुणे दुपारीसुद्धा बग्गीतून खाडीकाठी हिंडत होते.

त्याच आठवड्यात मी मामींना औषधं द्यायला गेलो. त्या खिडकीपाशी उशीला टेकून तांदूळ निवडत होत्या. पिशवीतले स्वच्छ तांदूळ. निवडण्यासारखं त्यांत काही नव्हतं.

"डबी ठरली म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो मामी. एसी आहे. दुबईत कुठंही जाता येईल तुम्हाला. कुठं जायचंय सांगा."

"माका खय जाऊचा? माका तो कट्टो तेवढो एकदा बघूचो आसा. जयसून ते फोन करीत, तो. दर आठवड्याक मी पडवेत बसान मनात बघी. समोर काय दिसता, वारो खयसून येता, ह्या सगळा."

"मग मामांना सांगा ना."

"नको रे." त्या हसल्या. "ते रस्त्याची गाडी करतत. करांदेत. हाताक काम आसला काय तेंका बरा वाटता."

मी बाहेर आलो आणि मनात म्हणालो, कट्टा काय, कधीही बघता येईल. डबी वाळूत जात नाही, हे माझ्या ध्यानात आलंही होतं. पण माझ्या तक्त्यात कट्ट्याला रकाना नव्हता. मी मामांना सांगितलं नाही. मामींनी नको म्हटलं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे ती गोष्ट मला फार लहान वाटली.

मामांनी सीट करायला घेतली. डबीची उजवीकडची सीट दारातून बाहेरच्या अंगाला पूर्ण वळली पाहिजे, मामींना व्हीलचेअरवरून तीवर सरकवायचं आणि मग सीटसकट आत फिरवायचं, अशी कल्पना. त्यांनी मोडीतल्या बग्गीचं बेअरिंग काढलं, खाली लोखंडी चकती बसवली. तीन आठवड्यांत सीट फिरू लागली. मी म्हणालो, "मामा, झालं की!" मामा म्हणाले, "किरकिरते. तिला आवाज आवडत नाही." सगळं उकललं. दुसऱ्यांदा बसवली तर पाय दाराच्या उंबऱ्याला घासत होते. सीट बोटभर वर घ्यायची म्हणून पुन्हा उकलली. मग पायांना आधाराची फळी केली. मग फळीला मऊ कातडं लावलं. मग कातड्याचा रंग सीटशी जुळेना.

"मामा, रंग कोण बघणार आहे?"

"ती बघेल."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. रोज ड्यूटी संपल्यावर मामा डबीखाली असत. खोलीत मामींचा बसण्याचा वेळ कमी होत होता. आधी तासभर, मग अर्धा तास. मामांना त्या सांगत, "आज बरा वाटता." मामा मला आनंदानं सांगत, "आज बरं वाटतंय तिला." मी मान हलवायचो. त्यांच्या दारावरून जाताना आतून जे कण्हणं ऐकू यायचं, ते मामा घरात नसतानाच ऐकू यायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डबी तयार झाली. तयार झाली असं मामा म्हणाले नाहीत. पण खालून बाहेर आले, हात धुतले आणि पुन्हा खाली गेले नाहीत. सकाळी दहा वाजता आम्ही मामींना व्हीलचेअरवरून आणलं. त्या निळ्या काठाची साडी नेसल्या होत्या आणि शेजारच्या खोलीतल्या बाईकडून वेणी घालून घेतली होती. सगळे ड्रायव्हर बघायला जमले होते. सीट बाहेर वळली, मामी तीवर आल्या, सीट आत वळली. आवाज नाही, धक्का नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता. डबी गेटमधून बाहेर गेली, मोठ्या रस्त्याला लागली, आणि आम्ही चहा प्यायला वळलो.

वीस मिनिटांत ती परत आली.

मामांनी दार उघडलं. मामींचा चेहरा घामानं भिजला होता, एसी असून. ओठ पांढरे पडले होते. मामांनी सीट बाहेर वळवली तशी त्यांनी दारालाच घट्ट धरलं.

"काय जाला?" मामा विचारत होते. "काय जाला सांग गो."

"माका बसवना नाय," मामी म्हणाल्या. मामांना खरं सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "महिनो जालो, बसवना नाय. ह्या डब्यात जीव कोंडता माजो. माका उघड्यार जाऊचा होता. तुमच्या कट्ट्यार."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी येवढ्या हौशेन करीत होतास."

मामा तिथंच सीटजवळ गुडघ्यांवर बसले. सगळे ड्रायव्हर हळूहळू निघून गेले. मी व्हीलचेअर धरून उभा राहिलो, कारण ती कुणी तरी धरायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी जे केलं त्याला पाऊण तास लागला. सामान नेण्याची, मागं सपाट फळी असलेली एक बग्गी घेतली. फळीवर दोन गाद्या, कडेला उशा, वर गेस्टरूममधली छत्री बांधली. एवढंच. मी चालवत होतो, माणूस चालेल त्या वेगानं. मामा मागं मामींचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डांबरी वाटेवर मामी इकडंतिकडं बघत होत्या. वाऱ्यानं त्यांच्या कपाळावरचे केस उडत होते आणि मामा ते सारखे करत नव्हते, उडू देत होते. बगळे दिसले. पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या खारफुटीच्या रांगा आल्या. मामी म्हणाल्या, "आमच्या खाडयेसारखाच दिसता."

मग डांबर संपलं आणि वाळूची वाट लागली. पहिल्याच खड्ड्यात बग्गीला हिसका बसला. मामींनी आवाज केला नाही. मी मागं वळून पाहिलं तेव्हा त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. मामांनी तो पाहिला.

"थांब," ते मला म्हणाले.

पुढं अजून पाऊण किलोमीटर तशीच वाट होती. मामांनी त्या वाटेकडं बघितलं, मामींकडं बघितलं. मग त्यांनी मामींचं डोकं हलकेच उचलून खांद्याशी टेकवलं आणि हात लांब केला.

"तो बघ. त्या मोठ्या झाडाच्या उजवीकडं. पांढरो."

मामींनी डोळे बारीक केले.

"दिसलो," त्या म्हणाल्या.

"बरो दिसता?"

"होय तर. केवढो मोठो आसा. बसाक जागा बरी आसा."

मामा म्हणाले, "होय. बरी आसा."

आम्ही तिथं दहा-बारा मिनिटं थांबलो. दोघं तिकडंच बघत होते. मग मामा म्हणाले, "चला," आणि मी बग्गी वळवली.

दोन दिवसांनी मी एकटा त्या जागी गेलो, बग्गी जिथं थांबली होती अगदी तिथं उभा राहिलो. तिथून कट्टा दिसत नाही. मध्ये खारफुटीची दाट भिंत आहे. मी पुढं चालत गेलो. कट्टा गुडघ्याएवढा आहे, राखाडी सिमेंटचा, एका माणसापुरता. तो पांढराही नाही आणि मोठाही नाही. जो माणूस सव्वीस वर्षं त्या वाटेनं गेला त्याला हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणू?

त्यानंतर अकराव्या दिवशी मामी गेल्या. अजमानच्या दवाखान्यात, दुपारी. मामा हात धरून बसले होते. गोव्याहून मुलगा आला. मामींना गावीच न्यायचं ठरलं, त्याचे कागद मी केले. कागद करणं मला येतं. तेवढं एकच मी करू शकत होतो म्हणून ते फार नीट केलं, प्रत्येक प्रतीवर शिक्का बघून घेतला.

मामा दिवसकार्य करून परत आले. नोकरी सोडत होते, पण नोटीसचे दोन महिने भरायचे होते आणि नव्या मेकॅनिकला काम दाखवायचं होतं. आले ते कामाला लागले. स्क्रूड्रायव्हर कानाला, डोळे मिटलेले. "ब्रश." "बेअरिंग." बोलणं कमी झालं होतं, एवढंच म्हणता येईल.

डबी शेडमागं ताडपत्रीखाली होती. कागदोपत्री ती आता मामांची होती. किचनमधल्या कुणी तरी सांगितलं, की अजमानला शफीक नावाचा एक मल्याळी पोरगा आहे, मोबाइलच्या दुकानात काम करतो, आई त्याच्याजवळच असते आणि तिचे पाय गेलेत. मामा म्हणाले, "त्याला बोलाव. देऊन टाकू."

शफीक आला तो एप्रिलचा शेवट होता. मामांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. नावावर करायचे कागद घेऊन मी उभा होतो. शफीक पंचविशीचा, हसरा, जरा घाईतला. त्यानं सीट दोनदा फिरवून बघितली, "वाह, अंकल!" म्हणाला आणि चावीसाठी हात पुढं केला.

"बिठाना आता है?" मामांनी विचारलं.

"हाँ अंकल. रोज उठाता हूँ उम्मा को."

मामांनी चावी दिली नाही. टोपी काढून डबीच्या टपावर ठेवली. मग ते जाऊन व्हीलचेअरमध्ये बसले, पाय ढिले सोडले, मान एका बाजूला पाडली आणि म्हणाले, "उठाओ."

शफीकला हसू आलं. मामांचा चेहरा बघून ते गेलं. तो पुढं झाला आणि त्यानं मामांना काखेत धरलं.

"ऐसा नहीं. इधर से पकड़ा तो पूरा पीठ में जाता है. एक हाथ नीचे, कमर के. दूसरा घुटना के नीचे."

शफीकनं तसं केलं. मामा अंगाचा भार मुळीच सावरत नव्हते. त्यांची टाच दाराच्या उंबऱ्यावर आपटली.

"फिर से. पैर पहले देखने का."

पुन्हा उचललं, पुन्हा बसवलं, सीट आत फिरवली. पुन्हा बाहेर. उन्हात शफीकचा शर्ट पाठीला चिकटला. चौथ्या वेळी टाच लागली नाही, धक्का बसला नाही.

"अब आ गया, अंकल."

"नहीं आया," मामा सीटवर तसेच पडून म्हणाले. डोळे मिटलेले होते. "तुमने पूछा नहीं."

"क्या पूछना?"

"दुखता है क्या, पूछने का. वो नहीं बोलेगी. फिर भी दूसरी बार पूछने का."

शफीक क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. मग तो सीटशेजारी खाली वाकला आणि आपल्या भाषेत, आईशी बोलतात तशा आवाजात काही तरी विचारलं.

"नाय," मामा म्हणाले.

शफीकनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्यांदा विचारलं.

मामांनी डोळे उघडले नाहीत. सावकाश, अगदी सावकाश, त्यांनी होकाराची मान हलवली.